कॉर्नियातला अकॅन्थामिबा: निदान-उपचारांतल्या या चुका टाळा

डोळा लाल, उजेड सहन होत नाही, कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, फांदीसारखी रेघ. एवढं दिसताच हर्पिस या विषाणूचं निदान करून मोकळं होणं ही अकॅन्थामिबाच्या (माती-पाण्यातल्या एकपेशीय जीवाच्या) रुग्णाला सर्वांत महागात पडणारी चूक. हर्पिसच्या फांदीची टोकं गोळ्यासारखी फुगीर असतात. अमिबाच्या रेघा उंचवट्यासारख्या, वेड्यावाकड्या असतात आणि टोकांना गोळे नसतात. कॉर्नियाची संवेदना दोन्हींत कमी होऊ शकते, त्यामुळे कापसाच्या चाचणीवर भिस्त नको. स्लिट लॅम्पखाली (डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली) कडेपासून मध्याकडे जाणाऱ्या नसांच्या बाजूने पांढुरके पट्टे दिसले, तर आधी अमिबाचाच विचार करा. कॉर्नियातल्या पांढऱ्या गोल कड्याची वाट पाहू नका. ते कडं उशिरा उमटतं, आणि तोवर अमिबा खोल उतरलेला असतो.

वरवर क्षुल्लक दिसणाऱ्या जखमेत असह्य वेदना ही मोठी खूण आहे, पण वेदना नाहीत म्हणून अमिबा नाही असं समजू नये. ‘लेन्स वापरता का?’ एवढंच विचारून थांबू नका. डोळ्यात माती, पालापाचोळा किंवा साचलेलं पाणी गेलं होतं का, हेही विचारा.

निदानाआधी स्टेरॉइड

स्टेरॉइडचे थेंब सुरू केले की लाली उतरते, दुखणं कमी होतं आणि सगळ्यांनाच हायसं वाटतं. आत मात्र उलटं घडत असतं. शरीराचा प्रतिकार मंदावतो, कोशात, म्हणजे टणक कवचात, दडलेले अमिबा बाहेर पडून वाढू लागतात. निदानाआधी स्टेरॉइड मिळालेल्या डोळ्यांची अखेरची नजर अधिक वाईट राहते. दाह आटोक्यात आणायला स्टेरॉइड लागलंच, तर अमिबाविरोधी औषध किमान दोन आठवडे नीट चालल्यानंतर आणि ते औषध चालू ठेवूनच द्यावं.

अर्धवट तपासणी

खरवडून घेतलेला नमुना फक्त ब्लड आगरवर (जिवाणू वाढवायच्या नेहमीच्या माध्यमावर) पाठवला, तर अमिबा हुकण्याची शक्यता मोठी. प्रयोगशाळेला संशय स्पष्ट लिहून कळवा. पोषणरहित आगरवर ई. कोलाय जिवाणूंचा थर पसरून त्यावर नमुना ठेवावा लागतो. जिवाणू खात अमिबा पुढे सरकतो आणि त्याच्या वाटा सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. प्लेट रोज पाहा आणि दोन आठवड्यांआधी टाकू नका. केओएच-कॅल्कोफ्लुअर रंगात कोश चमकतात, सक्रिय ट्रोफोझोइट, म्हणजे कोशाबाहेरचे अमिबा, मात्र चमकत नाहीत. पीसीआर (जनुकीय चाचणी) उपलब्ध असेल तर जरूर करा. कॉर्नियाच्या आतल्या पेशी दाखवणाऱ्या कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकात दाहाच्या पेशी कोशांसारख्या भासू शकतात, आणि तिथे काही दिसलं नाही म्हणून अमिबा नाही असंही ठरत नाही. संसर्ग खोल असून खरवडीत काही सापडत नसेल, तर बायोप्सी करावी.

औषधाची ताकद आणि कालावधी

अमिबाविरोधी थेंब पीएचएमबी किंवा क्लोरहेक्सिडिनचे, दोन्ही सहसा ०.०२ टक्के, म्हणजे १ मिलिलिटरमध्ये ०.२ मिलिग्रॅम. दशांशचिन्ह एक घर सरकलं की ताकद दहापट होते, म्हणून बाटलीवरचा आकडा दोनदा वाचा. त्वचेसाठीचं क्लोरहेक्सिडिन पातळ करून डोळ्यात कधीही घालू नये. त्यातलं अल्कोहोल आणि साबणासारखे घटक कॉर्निया जाळतात. युरोपीय संघात २०२४ मध्ये ०.०८ टक्के पॉलिहेक्सानाइडच्या, म्हणजे पीएचएमबीच्याच, थेंबांना मान्यता मिळाली आहे.

सुरुवातीचे ४८ तास दिवसरात्र दर तासाला थेंब, नंतर काही दिवस जागेपणी दर तासाला, मग हळूहळू कमी. रात्रीचे थेंब चुकवणं आणि ‘बरं वाटतंय’ म्हणून महिन्याभरात थांबणं, या दोन्ही चुका सर्रास होतात. कोश दुहेरी भिंतीचे आणि चिवट असतात. उपचार कित्येक महिने चालतात, हे रुग्णाला पहिल्याच भेटीत सांगा. उलट, आठवडे गेले तरी वरची जखम भरत नसेल आणि कडेला नवा पांढरटपणा नसेल, तर औषधाच्या विषारीपणाचा संशय घ्या. अशा वेळी थेंब वाढवणं म्हणजे जखम मुद्दाम उघडी ठेवणं.

भूल देणारे थेंब घरी देऊ नका, जखम त्यामुळेच चिघळते. वेदनांसाठी पोटातून दाहशामक द्या आणि स्क्लेरा (डोळ्याचा पांढरा भाग) सुजलाय का पाहा. कॉर्निया फुटण्याची वेळ आली नसेल, तर प्रत्यारोपण संसर्ग पूर्ण संपेपर्यंत लांबवा. घाई केल्यास नव्या कॉर्नियातही अमिबा शिरतो.

लेन्स वापरणाऱ्या रुग्णाने लेन्स, डबी आणि द्रावणाची बाटली दवाखान्यात आणावी, डबी न धुता. तिच्यातल्या पाण्याची तपासणी कधीकधी डोळ्याच्या नमुन्याआधी उत्तर देते.