सर्व्हर विकत घ्यायचा की क्लाउडवर भाड्याने?

सीए आणि सूत व्यापाऱ्यांच्या ऑफिसांतली मशिनं सांभाळणं हा माझा धंदा. हा प्रश्न घेऊन येणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा सर्व्हरचं कोटेशन असतं. ते आधी बाजूला ठेवा आणि महिनाभर नुसतं बघा, काम किती तास चालतं आणि किती सारखं चालतं. एकाच मजल्यावर दहा जण रोज दहा ते सात टॅलीवर बसत असतील, तर स्वतःचं मशिन परवडतं. निकालाच्या साइटवर मात्र एका दुपारी झुंबड, मग वर्षभर शुकशुकाट. तिथे सर्व्हर विकत घेणं म्हणजे एका लग्नासाठी मंगल कार्यालय बांधणं.

आता हिशेब मांडा. मशिन पाच वर्षं चालेल असं धरून किमतीला ६० महिन्यांनी भागा. सर्व्हर सरासरी २०० वॅट ओढत असेल तर दिवसाला ४.८ युनिट, महिन्याला १४४. आपल्या बिलातल्या दराने गुणा. एसीची वीज, यूपीएसच्या बॅटऱ्या आणि कपाटात एक जादा हार्ड डिस्क, हेही धरा.

क्लाउडचं तासाचं भाडं सगळेच बघतात, बिल फुगतं ते इतर ओळींनी. एडब्ल्यूएसवर, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर, मशिन ‘स्टॉप’ केलं तरी डिस्कचं भाडं चालूच राहतं. फेब्रुवारी २०२४ पासून पब्लिक आयपीव्ही४ पत्त्यालाही (इंटरनेटवरून मशिन गाठायचा नंबर) तासाला अर्धा सेंट पडतो. डेटा आत टाकणं फुकट; बाहेर काढताना महिन्याला १०० जीबीच्या वर मीटर पडतो. म्हणून बजेट अलर्ट, म्हणजे ठरवलेल्या रकमेजवळ बिल गेलं की येणारी सूचना, पहिल्याच दिवशी लावा. आणि रीजन, म्हणजे क्लाउडचं मशिन कुठल्या भागात असेल ते, मुंबईच निवडा, नाहीतर लांबच्या मशिनमुळे टॅलीत एकेक व्हाउचर टाकताना माणसं वैतागतात.

बेसकॅम्प हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या ३७सिग्नल्स कंपनीने २०२२ मध्ये क्लाउड सोडायचं जाहीर केलं, तो दाखला हल्ली सगळे देतात. पण त्यांच्याकडे सर्व्हर सांभाळणारी पगारी माणसं आधीपासून होती. तुमच्याकडे रविवारी रात्री डिस्क गेली तर कोण येणार? त्याचं नाव आणि महिन्याचे पैसे हिशेबात लिहा. नाव सुचत नसेल तर पुढची बेरीज करूच नका, क्लाउड घ्या.

माझ्या बऱ्याच गिऱ्हाइकांकडे मी मधला मार्ग काढतो. मशिन ऑफिसात, रात्रीचा बॅकअप पासवर्ड घालून क्लाउडवर. दर तिमाहीला त्यातल्या एका कंपनीचा टॅली डेटा दुसऱ्या मशिनवर रिस्टोअर करून ताळेबंद उघडतो का बघायचं. आरएआयडी, म्हणजे तोच डेटा एकाच वेळी दोन डिस्कवर लिहिण्याची सोय, आहे म्हणून हे टाळू नका. चुकून डिलीट केलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकदमच जाते.