तिथी बघून चंद्रावरची विवरं कशी वाचावीत

विवरं बघायला पौर्णिमेसारखी वाईट रात्र नाही. सूर्य समोरून पडतो, सावल्या नाहीशा होतात आणि साडेतीन किलोमीटर खोल विवरही सपाट डागासारखं दिसतं. विवराचा काठ, उतार, तळ वेगळा ओळखायचा तर तिथे सूर्य नुकताच उगवलेला हवा. म्हणजे ते विवर उजेड-अंधाराच्या सीमारेषेलगत हवं. ही रेषा आज कुठे असेल हे घरातल्या दिनदर्शिकेवरून काढता येतं.

एक तिथी म्हणजे चंद्र सूर्याच्या 12 अंश पुढे जाण्याचा काळ. शुक्ल पक्षात चंद्र-सूर्यातलं अंतर 90 मधून वजा केलं की सीमारेषेचं चांद्र रेखांश मिळतं. उत्तर धन आलं तर पूर्व, ऋण आलं तर पश्चिम. षष्ठीला हे अंतर 60 ते 72 अंश असतं, म्हणून रेषा 30 ते 18 अंश पूर्वेला. थिओफिलस विवर 26 अंश पूर्वेला आहे, तेव्हा त्याच्यासाठी षष्ठीची संध्याकाळ.

यात दोन ठिकाणी चूक होते. दिनदर्शिकेत छापलेली तिथी सूर्योदयाची असते. संध्याकाळपर्यंत पुढची लागलेली असू शकते, म्हणून तिथी संपण्याची वेळही बघावी. दुसरं, चंद्र आपल्याकडे तोंड करून असला तरी किंचित डोलतो. त्यामुळे रेषा सात-आठ अंशांपर्यंत मागेपुढे होते. हवं ते विवर अंधारात असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचं, एवढंच.

दुर्बीण 70 मिलिमीटर व्यासाची चालते, 114 ची असेल तर उत्तम. वर्धन 100 ते 150 पट ठेवावं. दुर्बिणीचं नाभीय अंतर 900 आणि नेत्रिका (डोळ्याजवळचं भिंग) 9 मिलिमीटरची असेल तर 100 पट. याहून जास्त वाढवलं की बहुतेक रात्री चित्र मोठं होतं, तपशील मात्र वाढत नाही. किती बारीक दिसेल याचा अंदाज हवा असेल तर लोणार डोळ्यांपुढे आणा. 1.8 किलोमीटर रुंदीचं ते विवर चंद्रावर असतं तर इथून जेमतेम एका विकलेएवढं (अंशाच्या 3600व्या भागाएवढं) भरलं असतं. 70 मिलिमीटरच्या दुर्बिणीत ते हाती लागणार नाही. तिथे साधारण 6 किलोमीटरच्या पुढची विवरं विवर म्हणून ओळखू येतात.

गच्चीचा स्लॅब दिवसभर तापलेला असतो आणि रात्री उशिरापर्यंत गरम हवा सोडत राहतो. चित्र थरथरतं ते बऱ्याचदा यामुळे. दोष दुर्बिणीचा नसतो. शक्य असेल तर मातीच्या अंगणात मांडा, आधी अर्धा तास बाहेर ठेवून थंड होऊ द्या, आणि चंद्र क्षितिजापासून 30 अंशांहून वर असतानाच बघा. खिडकीतून बघू नये.

नकाशा जुळत नाही ही नवख्यांची नेहमीची तक्रार. परावर्तक (आरशाच्या) दुर्बिणीत चित्र 180 अंश फिरलेलं असतं, तर काटकोनी आरसा लावलेल्या अपवर्तकात (भिंगाच्या दुर्बिणीत) डावं-उजवं उलटं होतं. नकाशा त्याप्रमाणे फिरवावा किंवा आरशातला छापून घ्यावा. कधी कधी विवर खड्ड्याऐवजी टेकडीसारखं फुगीर दिसतं. उजेड वरून येतो असं मेंदू धरून चालतो, म्हणून हा भ्रम होतो. सूर्य कोणत्या बाजूला आहे ते मनाशी ठरवून पुन्हा बघितलं की खड्डा खाली बसतो.

षष्ठीला थिओफिलस, सिरिलस आणि कॅथरिना ही सुमारे शंभर-शंभर किलोमीटरची तीन विवरं ओळीने दिसतात. थिओफिलसचा काठ सिरिलसच्या अंगावर चढलेला आहे, म्हणजे थिओफिलस नंतरचं. त्याच्या मध्यभागी शिखरं ठसठशीत आहेत आणि भिंतीच्या पायऱ्या धारदार. कॅथरिनाचा काठ झिजलेला, मधलं शिखर नाही, वर इतर विवरांचे घाव. कोण कोणावर चढलंय आणि कोण किती झिजलंय, एवढ्यावर तिघांचा वयानुसार क्रम लागतो.

दशमीला कोपर्निकस आणि इरॅटोस्थेनिस ही जोडी घ्यावी. दोन्हींचे काठ शाबूत आहेत, त्यामुळे सावल्यांवरून वयातला फरक कळत नाही. तो पौर्णिमेला कळतो: कोपर्निकसभोवती पांढरे पट्टे पसरलेले दिसतात, इरॅटोस्थेनिसचे पुसले गेलेत. पट्टे म्हणजे आघातात उडालेला माल. अंतराळातल्या माऱ्याने तो हळूहळू काळवंडतो आणि आजूबाजूच्या मातीत मिसळतो. कोपर्निकसचं वय सुमारे 80 कोटी वर्षं धरतात, टायको या दुसऱ्या पट्टेवाल्या विवराचं सुमारे 11 कोटी. अपोलो मोहिमांनी आणलेल्या दगडमातीवरून हे आकडे काढलेत. टायको इतकं अलीकडचं, म्हणूनच पौर्णिमेला त्याचे पट्टे सगळ्यांत झगझगीत.

आता खोली मोजू. त्यासाठी विवर दृश्य तबकडीच्या मध्याजवळ हवं, नाहीतर तिरकेपणामुळे सावली फसवते. अर्झाकेल सोयीचं: 97 किलोमीटर रुंद, 2 अंश पश्चिम, वेळ नवमीची संध्याकाळ. मोबाइल नेत्रिकेला पकडपट्टीने घट्ट बसवून फोटो घ्या आणि त्यावर तीन मापं पिक्सेलमध्ये मोजा: विवराची पूर्व-पश्चिम रुंदी, पूर्वेच्या काठाची तळावर पडलेली सावली, आणि त्याच काठापासून सीमारेषेपर्यंतचं लंब अंतर. समजा ती 180, 50 आणि 450 आली. 97 भागिले 180 या प्रमाणाने सावली 27 किलोमीटर आणि रेषा 242 किलोमीटर दूर. चंद्रावर 1 अंश म्हणजे 30.3 किलोमीटर, म्हणून त्या काठावर सूर्य 8 अंश वर आलेला आहे. 27 गुणिले 8 अंशांचा टॅन, म्हणजे 0.1405, बरोबर 3.8. चंद्राचा पृष्ठभाग गोल असल्याने त्यातून सावलीचा वर्ग भागिले चंद्राचा व्यास (3474) वजा करा, म्हणजे 0.2. काठाची तळापासूनची उंची 3.6 किलोमीटर.

हिशेब बिघडतो तो बहुतेक सीमारेषेपाशी. तिथला उजेड इतका मंद असतो की फोटोत रेषा प्रत्यक्षाहून अलीकडे दिसते, सूर्य कमी उंच धरला जातो आणि खोली कमी भरते. म्हणून रेषेसाठी जास्त एक्स्पोजरचा दुसरा फोटो घ्यावा. 8 अंशांत एका अंशाची चूक म्हणजे उत्तरात बारा-तेरा टक्क्यांहून जास्त फरक.

खोली हाती आली की तिने रुंदीला भागावं. अर्झाकेलला सुमारे 27 येतात. चंद्रावरच्या 15 किलोमीटरहून लहान, ताज्या, वाडग्यासारख्या विवरांना 5 च्या आसपास. मोठ्या विवराच्या भिंती स्वतःच्या वजनाने आत घसरतात, तळ उसळून मध्ये शिखर उभं राहतं आणि विवर उथळ होतं. पृथ्वीचं गुरुत्व सहापट असल्याने इथे हा बदल 2 ते 4 किलोमीटरलाच होतो. लोणार त्या मर्यादेच्या आतलं, शिवाय चंद्रावरच्या काळ्या मैदानांसारखंच बेसॉल्टमध्ये खणलं गेलेलं. तरी 1.8 किलोमीटरला आज सुमारे 150 मीटर खोली, म्हणजे प्रमाण 12. काठ पावसाने झिजलाय, आणि तळ्याखाली गाळ आणि चुरडलेला खडक साचलाय.