गाडी लेट आहे आणि मावशी फाटकाशी उभी आहे

गाडी लेट झाली की माझं स्वतःचं फारसं काही बिघडत नाही. पुस्तक असतं, खिडकी असते. जीव टांगणीला लागतो तो तिकडे, मावशीचा. "पोचतेच आता" एवढं कानावर पडलं की ती चपला घालून फाटकाशी येऊन उभी. एका संध्याकाळी मी चार वेळा "अर्ध्या तासात येते" म्हटलं आणि ती बाई दोन तास ताटकळली. गुडघे धरले ते आठवडाभर.

तेव्हापासून मी तिला वेळ सांगत नाही, स्टेशन सांगते. "आत्ता जंक्शन सोडलं, इथून एरवी दीड तास." एवढं खरं असतं, पुढचं कुणाच्या हातात नसतं. वाटेत दिसणारा उशिराचा आकडा दोन्हीकडे फिरतो. वेळापत्रकात शेवटच्या टप्प्याला बऱ्याचदा मुद्दाम जास्तीची मिनिटं धरलेली असतात, त्यामुळे चाळीस मिनिटं मागे पडलेली गाडी पोचेपर्यंत वीसवर येऊ शकते. पण मार्ग एकेरी असला तर समोरच्या गाडीसाठी क्रॉसिंगला थांबा, मागून वेळेवर येणारी जलद गाडी आधी जाऊ द्या, असं करत उशीर वाढतही जातो. म्हणून शेवटचं मोठं स्टेशन मागे पडेपर्यंत मी घड्याळाची भाषा करतच नाही.

घरातून निघताना आपली गाडी ज्या रेकची, म्हणजे डब्यांच्या जोडलेल्या संचाची, होते तो रेक कुठे आहे ते बघा. पुष्कळदा तिकडून आलेली गाडीच उलट फिरून परत जाते. ती तीन तास मागे असेल आणि ॲप "वेळेवर" म्हणत असेल, तर माझा विश्वास रेकवर. तरीही फलाटावर वेळेतच जा. ऐनवेळी दुसरा रेक लावतात आणि गाडी ठरल्या वेळेला सुटते. मी एकदा या हुशारीपायी गाडी चुकवली आहे.

मध्ये गाडी बदलायची असेल तर दोन्ही प्रवास शक्यतो एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळ्या तिकिटांवर पुढची गाडी हुकली तर सहसा आपणच निस्तरायचं असतं. आणि पुढची शेवटची गाडी पकडायचा बेत नको, तिच्या आधीची धरा.

पॉवर बँक सगळेच सांगतात, ती घ्याच. मी सोबत कागदावर दोन नंबर लिहून ठेवते: मावशीचा आणि तिच्या शेजारणीचा. दुसरा जास्त कामाचा. आमचं आधीच ठरलेलं असतं की दहापर्यंत जंक्शन आलं नाही तर मावशीनं कडी लावून झोपायचं, किल्ली शेजारी. हे आदल्या दिवशी ठरवा. रात्री साडेदहाला, मध्येच तुटणाऱ्या फोनवर ठरवायला गेलं की भांडण होतं.

गाडी आउटरला, म्हणजे स्टेशनाबाहेरच्या सिग्नलला, थांबली की लोक सामान घेऊन दाराशी गर्दी करतात, काही रुळांवर उतरतातही. तसं करू नका. त्या वेळात मी एक शेवटचा फोन करते.

"सिग्नलला उभी आहे गं."

"म्हणजे किती वाजता?" ती विचारतेच.

मी पुन्हा स्टेशनाचं नाव सांगते.