घरी जाड स्टॅबिलायझर बार बसवताय? या चुका टाळा

यवतेश्वरचा घाट चढताना गाडी फार कलते म्हणून माझ्या मावसभावानं जाड स्टॅबिलायझर बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी, वळणात गाडीचं कलणं कमी करणारी स्टीलची दांडी) मागवला, रविवारी आम्ही दोघांनी साताऱ्यात घरीच बसवला आणि पहिल्याच फेरीत लक्षात आलं की एका बाजूच्या वळणाला गाडी मस्त सपाट जातेय आणि दुसऱ्या बाजूला आधीसारखीच लोळतेय. तो म्हणाला बारच खराब आहे, परत पाठवू. पण बार चांगला होता, बसवण्यात चूक होती.

आम्ही एकच बाजू जॅकवर घेतली होती. ते चाक लोंबत होतं, दुसरं जमिनीवर, आणि लिंक रॉड (बारचं टोक चाकाकडच्या सस्पेन्शनला जोडणारी छोटी दांडी) भोकात बसेना म्हणून आम्ही त्याची लांबी वाढवून जुळवून टाकली. गाडी खाली उतरल्यावर ती वाढीव लांबी बारला कायम पिळून ठेवते. नंतर लिंकचा नट सोडला तेव्हा बार असा टण्णकन उडाला की हात मध्ये असता तर बोट गेलं असतं. त्यामुळे लांबी सेट करताना दोन्ही चाकं एकाच उंचीवर, गाडीचं वजन टायरवर आणि जमीन सपाट पाहिजे, जमलं तर ड्रायव्हर सीटवर कुणालातरी बसवा. एका बाजूचा लिंक जोडून झाला की दुसऱ्याचा बोल्ट हातानं सरकून आत गेला पाहिजे, पहार घालावी लागत असेल तर थांबा, लांबी चुकलीय. फिक्स लांबीचे लिंक असतील तरी दोन्ही बाजू सारख्याच उचलून जोडा म्हणजे आटे खराब होत नाहीत.

आणि हे कळकळीनं सांगतो, नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीच शिरू नका. विटा नाहीतर जांभ्याचा चिरा पण लावू नका, तो न सांगता फुटतो. जॅक स्टँड, ज्याला गॅरेजवाले घोडी म्हणतात, ते दोन घ्या आणि जमिनीवरच्या चाकांना मागून पुढून ओंडके लावा.

जाडीचा मोह आवरा. भरीव बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे 20 चा 22 मिमी केला तर दिसायला 2 मिमीचा फरक, पण बार जवळपास 46 टक्के कडक झाला. फक्त पुढचा कडक केला तर गाडी वळणात नाक बाहेर काढते, फक्त मागचा जास्त कडक केला तर शेपूट सुटायला बघते, आणि पावसाळ्यात कासच्या ओल्या रस्त्यावर ते फार महागात पडेल. शॉकअप गेले असतील तर आधी ते बदला, स्पीडब्रेकरवरच्या उड्या बारने थांबत नाहीत कारण दोन्ही चाकं एकदम वर गेली की बार पिळलाच जात नाही.

बारसोबत पॉलियुरेथेनचे (रबरापेक्षा कडक प्लास्टिकचे) बुश, म्हणजे बार गाडीला जिथे धरलेला असतो तिथली गोल आवरणं, आले असतील तर आतून सिलिकॉन ग्रीस भरपूर लावा, कोरडे बसवले की गल्लीतून निघताना कुईकुई सुरू. रबराच्या बुशला साधं पेट्रोलियम ग्रीस लावू नका, रबर फुगून मऊ पडतं.

लिंकचा नट आवळताना आतली पिनच सोबत गरगर फिरते, तेव्हा मागून ॲलन की किंवा फिक्स पाना धरायचा, नाहीतर रबरी बूट फाटून माती आत जाते. आवळणी गाडीच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कप्रमाणेच, म्हणजे तिथे दिलेल्या जोरानेच करा. सगळं झाल्यावर स्टिअरिंग पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे फिरवून बार ब्रेकच्या नळीला, ॲक्सलच्या बुटाला किंवा सायलेन्सरला लागत नाही ना ते बॅटरी मारून बघा.

खड्ड्यात एकच चाक गेल्यावर खटखट येतेय का? दोन्ही लिंक सोडून बारची टोकं तारेनं नीट बांधून ठेवा आणि गल्लीत अगदी हळू चालवा. आवाज गेला तर लिंक किंवा बुश बघा, तसाच राहिला तर बॉल जॉइंट, शॉकअपचं माउंटिंग तपासा. आमच्या गाडीत 100 किमीनंतर बुशच्या पट्टीचा एक बोल्ट पाव आटा सैल निघाला, आता सगळ्या नटांवर खडूची रेघ मारून ठेवलीय, रेघ सरकली की खाली वाकून लगेच कळतं.