घराभोवतीच्या झाडांचा प्लॅन पहिल्यांदा काढताय तर

बंगल्याभोवती झाडं लावायची म्हटलं की बहुतेक जण आधी नर्सरी गाठतात, गाडीत मावतील तेवढी फुललेली रोपं आणतात आणि मग ती कुठे लावायची ते बघत बसतात. प्लँटिंग प्लॅन शिकायचा असेल तर हा क्रम उलटा करा, झाडांची नावं सगळ्यात शेवटी. मी पुण्याचा हिशोब धरून सांगतेय, तुमच्या गावाप्रमाणे माती आणि पाऊस बदलून घ्या.

आधी टेप घेऊन मापं. ग्राफ पेपरवर 1 सेंटीमीटर म्हणजे 2 फूट धरलं की 40 बाय 60 चा प्लॉट 20 बाय 30 सेंटीमीटरचा होतो, ए-थ्री कागदात आरामात बसतो. त्यावर घर, दारं-खिडक्या, गेट, पार्किंग, पाण्याची टाकी, बोअर, ड्रेनेजची लाइन, चेंबर, वरून जाणारी वायर सगळं दाखवा. चेंबर तर विसरूच नका, नाहीतर त्याच्यावरच वाफा येतो आणि तुंबलं की सगळं उपसावं लागतं. उत्तरेचा बाण काढा.

मग ऊन, आणि इथे खरंच वेळ द्या. डिसेंबरात भर दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, क्षितिजापासून साधारण 48 अंशांवर, म्हणजे 20 फूट उंच घराची सावली उत्तरेला 18 फुटांपर्यंत जाते, उत्तरेची पट्टी सगळी सावलीत. आणि साधारण मेच्या मध्यापासून जुलै अखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेलाच असतो, त्यामुळे मे महिन्यात त्याच पट्टीत भाजून काढणारं ऊन येतं. लोक हिवाळ्यात बघतात, "इथे सावली आहे" म्हणून फर्न लावतात आणि मेमध्ये ते करपतं. अशा जागेला दोन्ही सोसणारं झाड हवं, कामिनी किंवा स्पायडर लिली वगैरे. सकाळी 9, दुपारी 12 आणि 3 वाजता सावली कुठे पडते ते वेगवेगळ्या रंगाच्या पेन्सिलने कागदावर काढा, हिवाळ्यात एकदा, उन्हाळ्यात एकदा.

माती बघायला फूटभर खोल खड्डा घ्या, पाणी भरा, जिरलं की परत भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दुसऱ्या दिवशीही उभं असेल तर निचरा नाही, तिथे लिंबू किंवा सोनचाफा लावायचाच असेल तर माती उंच करून लावा. नवीन बंगल्यात खणल्यावर मातीऐवजी बांधकामाचा राडारोडाच निघतो बऱ्याचदा, तो काढून टाकल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता झाडं. माझ्या मते सगळा प्लॅन एका सवयीवर उभा आहे, झाड कागदावर पूर्ण वाढलेल्या घेराने (म्हणजे फांद्यांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतच्या रुंदीने) काढायचं, नर्सरीतल्या पिशवीच्या आकाराने नाही. कामिनीचा घेर 5 फूट धरला तर वर्तुळ अडीच सेंटीमीटरचं, पारिजातकाचा 10 फूट तर 5 सेंटीमीटरचं आणि बकुळीचा 20 फूट धरला की 10 सेंटीमीटरचं, म्हणजे प्लॉटची अर्धी रुंदी एकाच झाडाने घेतली! हे कागदावर दिसलं की बकुळ, आंबा आणि तामण तिन्ही पुढच्या अंगणात लावायचा हट्ट आपोआप सुटतो. एकच मोठं झाड निवडा, शक्यतो पश्चिमेला, दुपारनंतरचं ऊन तेच अडवतं. मग त्याच्या जोडीला झुडपं, आणि सगळ्यात खाली जमीन झाकणारी रोपं. वड, पिंपळ, उंबर घराजवळ किंवा टाकीजवळ नकोच, मुळं भिंतीत शिरतात. लहान मुलं असतील तर कण्हेर टाळा, ती विषारी आहे.

बारक्या रोपांचा आकडा अंदाजाने काढू नका. 10 बाय 3 फुटांचा वाफा म्हणजे 30 चौरस फूट, एकेक फुटावर लावलीत तर 30 रोपं लागतात आणि नऊ-नऊ इंचावर लावलीत तर 53. तीन इंचांच्या फरकाने खर्च कुठल्या कुठे जातो बघा. म्हणून प्लॅनच्या बाजूला एक तक्ता ठेवा, झाडाचं नाव, किती नग, किती अंतर, आणतानाची उंची आणि कुठल्या महिन्यात फुलतं. शेवटचा रकाना बघितला की कळतं सगळी फुलं पावसाळ्यातच येतायत का, आणि उन्हाळ्यासाठी काहीतरी शोधावं लागतं.

झाडं ओळखता येत नसतील तर पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनमध्ये जाऊन पूर्ण वाढलेली झाडं बघून या, सोलापूर रोडच्या नर्सऱ्यांमध्ये रोपंच दिसतात, घेर कळत नाही.

खरेदीच्या आधी प्लॅन जमिनीवर फक्कीने आखून बघा. गाडी वळते का, खिडकी उघडते का, नळापासून पाइप पोचतो का, धुणं वाळत घालायला जागा उरते का हे तेव्हाच कळतं, आणि तिथे वर्तुळ सरकवायला काही पैसे पडत नाहीत. हे सगळं मेपर्यंत उरकून घ्या, म्हणजे जूनमध्ये दोन-तीन चांगले पाऊस झाले की थेट खड्डे घेता येतील.