टेस्टर पेटला नाही, तरी हात घालू नका

निऑन टेस्टर आपल्या अंगातून जाणाऱ्या अगदी बारीक करंटवर पेटतो. त्यामुळे लाकडी स्टुलावर उभे असाल किंवा जाड रबरी तळाची चप्पल घातली असेल, तर चालू लाइनवरही तो मिणमिणतो. भर उन्हात तर दिसतच नाही. लाइन बंद असल्याची खात्री त्याच्यावर सोडू नका, मल्टिमीटर घ्या.

मीटर एसी व्होल्टेजवर ठेवून आधी दुसऱ्या सर्किटच्या चालू सॉकेटवर लावा, आकडा नीट येतो का बघा. मग ज्या लाइनवर काम करायचं, तिचा एमसीबी (बोर्डातला सर्किट बंद करणारा स्विच) पाडून फेज (करंट आणणारी वायर), न्यूट्रल (परतीची वायर) आणि अर्थ (जमिनीला जोडलेली वायर) यांच्या फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ या तिन्ही जोड्या तपासा. शेवटची जोडी बरेच जण सोडतात, आणि माझ्या मते खरा धोका तिथेच आहे. न्यूट्रल दोन सर्किटांना सामाईक असेल आणि मागे कुठे तुटला असेल, तर दुसऱ्या सर्किटवरच्या चालू उपकरणातून फेज त्याच न्यूट्रलच्या काळ्या वायरवर येऊन बसतो.

तपासून झालं की मीटर पुन्हा त्या चालू सॉकेटवर लावा. प्रोबची वायर आतून तुटलेली असली, तरी मीटर शून्यच दाखवतो. आणि एमसीबीवर चिकटपट्टी लावा, म्हणजे दुसरं कोणी तो सहज वर करणार नाही.