आधी कामाचा तक्ता बघा: सामाजिक सहकारी वायनरीतल्या नेहमीच्या चुका

टाकीला शिरक्याचा वास यायला लागला की आधी यीस्टवर खापर फुटतं. पण जिथे मानसिक आजारातून सावरणारी, तुरुंगातून सुटलेली माणसं सेंद्रिय वाईन करतात, तिथे मी म्हणेन, आधी कामाचा तक्ता बघा.

इटलीच्या 1991 च्या 381 क्रमांकाच्या कायद्याने सामाजिक सहकारी संस्थांचे दोन प्रकार पाडले. ‘ब’ प्रकार अशा माणसांना रोजगार देणारा; त्यात किमान 30 टक्के कामगार वंचित गटातले असावे लागतात. हा आकडा गाठायला ऐन काढणीत भरती करणं ही मुळातली चूक. काढणी म्हणजे ऊन, घाई, आरडाओरडा. नवखा माणूस त्यात भांबावतो, सडका घड चांगल्या क्रेटमध्ये जातो आणि बोलणी तोच खातो. त्याला हिवाळी छाटणीपासूनच घ्या. वेल थांबून असते, काम शांत असतं, आणि काढणी येईपर्यंत बाग त्याच्या ओळखीची झालेली असते.

दारूच्या व्यसनातून बाहेर पडणाऱ्या माणसांनाही हा कायदा वंचित गटात धरतो. त्यांना आंबवणाच्या खोलीत पाठवू नका. तिथे वासच पुरेसा असतो, शिवाय चव घेणं हा कामाचाच भाग. बागेत कामाला तोटा नाही. मात्र हे त्यांच्याशी एकट्यात बोलून ठरवा, चारचौघांत नाही.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. एक लिटर रस आंबताना 40 लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साइड सुटतो. तो हवेपेक्षा जड, तळाशी साचतो, त्याला वास नाही. टाकी धुवायला एकट्याला उतरवणं म्हणजे जिवाशी खेळ. आधी हवा खेळवा, मीटरने मोजा, बाहेर दुसरा माणूस उभा ठेवा. काम जाईल या भीतीने कितीतरी जण ‘गरगरतंय’ असं तोंडातून काढत नाहीत. म्हणून तुम्हीच विचारा, दर वेळी विचारा.

आंबवण मध्येच थांबते ती बहुतेकदा तापमानामुळे. 35 अंशांच्या वर यीस्ट मरायला लागतं. प्रत्येक टाकीच्या नळाला एक चिठ्ठी बांधा: तारीख, तापमान, घनता, सकाळ-संध्याकाळ. ज्याला अक्षरं जड जातात त्याला हायड्रोमीटरच्या (घनता मोजायच्या नळीच्या) दांडीवर रंगीत खुणा करून द्या. मी सांगते, अशा चिठ्ठ्या सगळ्यात नेमाने तीच माणसं भरतात. दोन दिवस घनता हलली नाही तर सल्फर (वाईन टिकवणारा सल्फर डायऑक्साइड) ओतू नका. रस वीसेक अंशांवर आणा आणि त्यातच थोडं थोडं रुळवलेलं ताजं यीस्ट घाला.

सल्फरचं गणितही लक्षात ठेवा. युरोपीय नियमांनी सेंद्रिय कोरड्या लाल वाईनला लिटरमागे 100 मिलिग्रॅमची मर्यादा आहे, साध्या वाईनला 150. पीएच 3.8 असेल, म्हणजे आंबटपणा कमी असेल, तर 3.2 च्या तुलनेत जवळपास चौपट मुक्त (वाईनमध्ये बांधला न गेलेला) सल्फर लागतो, म्हणजे मर्यादा लगेच संपते. टाकी काठोकाठ भरलेली ठेवली की शिरक्याच्या जिवाणूंना हवाच मिळत नाही. बोर्डो मिश्रण, म्हणजे वेलीवर फवारायचं तांबं-चुन्याचं बुरशीनाशक, त्याचीही नोंद ठेवा: हेक्टरी 7 वर्षांत 28 किलो तांबं, त्यापुढे नाही.

आणि पैशाचं. सेंद्रिय प्रमाणपत्राआधी द्राक्षबागेला 3 वर्षं रूपांतरात, म्हणजे सेंद्रिय पद्धतीने पण प्रमाणपत्राविना, काढावी लागतात. तोवर माल साध्या भावानेच जातो, पगार मात्र दर महिन्याला द्यायचा असतो. तो 3 वर्षांचा पगार कुठून येणार, हे पहिली वेल लावण्याआधी कागदावर मांडा.